बाजाराच्या गावी बिऱ्हाड

आम्ही जाणार होतो इंग्लंडला आणि जाऊन आलो फुजैराला. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना मी महिनोन् महिने इंग्लंडच्या गप्पा ऐकवल्या, ते आता दुबईत करामाच्या भाजीच्या दुकानात भेटले की पहिलं विचारतात, मग, कसं होतं इंग्लंड? फुजैरा म्हटलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुबईहून गाडीने दोन तासांत जिथे पोचता येतं आणि जिथे लोक फार तर समुद्रात डुंबायला जातात, त्या गावाचं कुणी प्रवासवर्णन लिहितं का? मी लिहितेय. दुधाची तहान ताकावर भागवली म्हणा, पण ताक चांगलं होतं.

इंग्लंडचं खूळ डोक्यात भरवलं ते पीटरने. माझा नवरा संजीव दुबई मरीनातल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर आणि पीटर त्याच्या शेजारच्या टेबलावरचा. एकदा तो आमच्याकडे जेवायला आला होता. वरणभातावर तूप ओढून घेत त्याने मला समजावलं, की तो लंडनचा नाही, एका 'मार्केट टाउन'चा. त्यांच्याकडे पूर्वी राजाने एखाद्या गावाला अमुक वारी बाजार भरवायची परवानगी दिली की ते झालं बाजाराचं गाव. मधोमध चौक, कडेला चर्च, लोणी-अंडी विकणाऱ्या बायकांसाठी एक दगडी छप्पर, आणि शेकडो वर्षं तोच वार. मी म्हटलं, त्यात काय नवल? माझं माहेर पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं. आम्ही तर आठवड्याचे सातही वार पेठांना वाटून मोकळे झालोय. पीटर भलताच खूश झाला. अनोळखी बाजाराच्या गावी गेलं की आधी चौक गाठायचा, तिथलं काहीतरी गरम खायचं, मग सगळ्यांत जुनी इमारत बघायची आणि तिथले लोक कशावरून भांडतात ते ऐकायचं, एवढं केलं की गाव कळलं, असं त्याचं शास्त्र. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या गावासकट अशी तीन-चार गावं करायची, हे त्या दिवशी ठरलं.

मग २००८ संपता संपता मंदीने सगळंच बसलं. मरीनातल्या क्रेन जिथल्या तिथे थिजल्या. पीटरची नोकरी आधी गेली. तो बायको-कुत्र्यासकट आपल्या गावी निघून गेला, म्हणजे इंग्लंडला आमच्या आधी तोच पोचला. पाठोपाठ संजीवचा टॉवर अर्ध्यावर थांबला आणि त्याला मार्चअखेरची नोटीस मिळाली. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की महिन्याभरात सामान आवरायचं. संजीवने हिशेब मांडला: मी आणि मुक्ताने पुण्याला जायचं, त्याने जुन्या दुबईतल्या देऱ्यात चार जणांच्या खोलीत एक खाट घ्यायची आणि नोकरी शोधायची. तात्पुरतं, असं तो म्हणे. आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी अशा तात्पुरत्या परत गेल्या होत्या, आणि त्यांचे नवरे आता फोनवरच मुलांचे पाढे घेत होते. मला ते नको होतं. तीन माणसांचं घर आहे, ते दोन देशांत वाटायचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

अशात एका ओळखीच्याकडून निरोप आला. फुजैराच्या डोंगरात खडी फोडून बंदरावर पाठवणारी एक कंपनी आहे, तिला इंजिनिअर हवाय. मालक तिथलेच, सैफ नावाचे. शनिवारी दुपारच्या आत घरी या, म्हणाले. संजीवचा बेत सकाळी एकट्याने जाऊन संध्याकाळी परत यायचा होता. मी म्हटलं, मुलगी द्यायची तरी लोक चार वेळा घर बघून येतात, इथे तर अख्खं बिऱ्हाड द्यायचंय. शुक्रवारीच निघू, तिघं निघू, आणि पीटरच्या पद्धतीने गाव बघू.

शुक्रवार, मसाफी

शुक्रवारच का, तर वाटेत मसाफीचा 'फ्रायडे मार्केट' लागतो. नाव ऐकल्यापासून माझा जीव तिथे अडकला होता. अरबस्तानातली शुक्रवार पेठ! बाजाराचं गाव बाजाराच्या वारीच बघायचं असतं, हे मला पीटरने नव्हे, माझ्या आजोळच्या आठवडे बाजाराने शिकवलंय. तेव्हा शनिवारी जाऊन काय उपयोग, असं मी संजीवला ठणकावून सांगितलं होतं.

शारजा मागे पडलं की वाळू आधी पिवळी असते, मग धैदच्या अलीकडे तांबूस होते, अगदी आपल्या विटांच्या चुऱ्यासारखी. धैदला खजुराच्या बागा आणि रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे डबे. त्यापुढे वाळू संपते आणि एकदम डोंगर उभे राहतात. गवताचं पातं नाही, काळे-तपकिरी, सगळी हाडं दिसणारे डोंगर. सह्याद्रीच्या माणसाला ते आधी अर्धवट वाटतात. संजीव मात्र त्या दगडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला होता. हा दगड रस्त्याला चांगला, असं तो दोनदा म्हणाला.

बाजारात पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते आणि बाजार बंद होता. म्हणजे दुकानं होती, माणसं नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब टपऱ्या, गालिच्यांवर चादरी, मडक्यांवर चादरी, कलिंगडांच्या ढिगावर मासे पकडायचं जाळं, आणि राखायला कुणी नाही. एक मांजर तेवढं एका गुंडाळीवर झोपलेलं. मुक्ता, आमची नऊ वर्षांची कन्या, गाडीतून उतरली, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, डिड एव्हरीबडी लूज देअर जॉब्ज हिअर टू?"

संजीवने तोंड फिरवलं. मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की नाही, सगळे नमाजाला गेलेत, येतील.

आले ते. मशिदीकडून पांढरे, निळे, मातकट झगे सावकाश चालत आले, चादरी निघाल्या, आणि पाच मिनिटांत तिथे एवढा गलका झाला की आपण तुळशीबागेत आहोत असं वाटावं. कणसं भाजणारा बांगलादेशातल्या सिल्हेटचा होता. त्याला मी हिंदीतून विचारलं, आज बाजाराचा दिवस ना? तो म्हणाला, दीदी, बाजार तो रोज है, सात दिन, सिरफ जुम्मे को ये टाइम बंद. म्हणजे आठवड्यातली जी एकच वेळ बाजार बंद असतो, ती मी कॅलेंडर बघून, नवऱ्याशी वाद घालून, नेमकी निवडली होती. संजीव पोट धरून हसला. कितीतरी आठवड्यांनी हसला. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन बाजार चुकवले असते.

कणीस पाच दिरहम, म्हणजे पासष्ट रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं आणि मुक्ताने "आई, स्टॉप कन्व्हर्टिंग" म्हणून मला गप्प केलं. लिंबू-मीठ मात्र त्याने आपल्यासारखंच चोळलं. पुढे गालिचेवाला अफगाण आम्हाला सोडेना. आम्ही काही घेणार नाही हे त्याला तीनदा सांगितलं, तरी त्याने सात गालिचे उलगडून दाखवले आणि चहा पाजला. रिकामं हिंडणाऱ्याला चहा पाजणारा दुकानदार पुण्यात पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे दुपारी एक ते चार दुकानात गेलं तर माणूस डोळेसुद्धा उघडत नाही.

शुक्रवार संध्याकाळ, फुजैरा

मसाफीहून रस्ता खाली उतरत जातो आणि डोंगरांच्या फटीतून अचानक समुद्र दिसतो. दुबईचा समुद्र मला नेहमी नुकताच विकत आणल्यासारखा वाटतो. हा खरा वाटला. ओमानच्या बाजूचा, जहाजांनी भरलेला.

गावाला चौक असा सापडेना. लॉजवाल्या केरळी गृहस्थांनी सांगितलं, शुक्रवारी चार वाजता सगळं गाव बैलांकडे असतं, तिकडे जा. समुद्राकडेच्या एका मोकळ्या मैदानात खरंच सगळं गाव होतं. गाड्यांच्या टपांवर, घडीच्या खुर्च्यांवर, जमिनीवर माणसं बसलेली, आणि मध्ये वशिंडाचे दोन धिप्पाड बैल एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून रेटत होते. रक्त नाही, पैज नाही. जो मागे हटला तो हरला, मग दोर धरलेली माणसं धावत जाऊन दोघांना वेगळं करतात. निकालावरून माझ्या शेजारी दोन म्हातारे तावातावाने भांडत होते. पीटरचं शेवटचं कलम आपोआप पुरं झालं.

मला गंमत वाटली ती हरलेल्या बैलाची. त्याला मालकाने मान थोपटून गाडीत चढवलं, चारा टाकला, आणि पुढच्या शुक्रवारी हा परत येणार, असं शेजारच्या म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलं. संजीव तो टेम्पो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी माझी वेगळी पाहणी केली. किराण्याच्या दुकानात पोहे होते, कढीपत्ता होता, हिंग होता. मेथी शनिवारी येते, म्हणाले. फुटपाथवर एक बाई एकटी, रमतगमत चालत होती. इमारती तीन-चार मजली. शाळा लॉजपासून चालत जाता येईल एवढ्यावर, कुलूप लागलेली, पण झोपाळे होते. मुक्ताने फाटकाच्या गजांतून आत डोकं घालून बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, हे मी अनुभवाने सांगते. ती नापसंती पूर्ण वाक्यांत सांगते.

शनिवार

सकाळी किल्ला पाहिला. टेकाडावरचा मातीचा, डागडुजी केलेला, बुरूज एक गोल, एक चौकोनी. रायगड-सिंहगड बघितलेल्या माणसाला तो किल्ला आधी गढीच वाटतो. पण वर उभं राहिलं की खाली खजुराची झाडं, पडक्या घरांच्या भिंती, पलीकडे समुद्र, आणि हे सगळं कुणीतरी एवढ्याशा बुरुजावरून राखलं, ह्याचं कौतुक वाटायला लागतं. मला ते कौतुक नीट करता आलं नाही, कारण संजीव दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

साडेअकराला आम्ही सैफ यांच्या घराशी पोचलो. पांढरी उंच भिंत, हिरवं लोखंडी फाटक. आणि इथे आम्ही ती चूक केली, जी दुबईत राहणारा कुठलाही नोकरदार करेल. इंटरव्ह्यूला कुणी बायकामुलांना घेऊन जातं का? अनप्रोफेशनल दिसतं. संजीवने गाडी फाटकापासून थोडी पुढे, बाभळीसारख्या एका झाडाखाली लावली, टाय सरळ केला, फाईल घेतली आणि म्हणाला, "काचा खाली ठेव. अर्ध्या तासात आलो." मी त्याला अंगाऱ्याचं बोट लावलं, तेही इकडेतिकडे बघून.

अर्धा तास गेला. सावली सरकली आणि ऊन थेट मांडीवर आलं. मुक्ताने पाणी संपवलं. मी मनातल्या मनात आत काय चाललं असेल ते रचत होते, त्यात प्रत्येक वेळी संजीव नको ते उत्तर देत होता. तेवढ्यात हिरवं फाटक उघडलं आणि काळ्या अबायातली एक वयस्कर बाई, तोंडावर तिथल्या जुन्या बायका घालतात तो मुखवट्यासारखा सोनेरी बुरखा, थेट आमच्या गाडीकडे चालत आली. मागे संजीव, खाली मान घालून. त्याच्यामागे सैफ, त्यांचीही मान खालीच.

झालं होतं ते असं. कॉफी आणि ख्यालीखुशालीत अर्धा तास गेला, मग सैफनी पहिलाच प्रश्न विचारला, कुटुंब कुठे आहे? संजीवने खरं सांगितलं, बाहेर गाडीत. ते ऐकून सैफ ताडकन उठले. ऐब, म्हणाले, म्हणजे लाजिरवाणं. माझ्या दारात बाई आणि मूल उन्हात बसलंय आणि मी आत तुला कॉफी पाजतोय? हे आतल्या खोलीत त्यांच्या आईने ऐकलं, आणि ती कुणाची वाट न बघता निघाली.

"तुम इधर क्यों बैठा?" ती मला म्हणाली. हिंदी बोलत होती. "ये घर नहीं है?"

तापलेल्या सीटला पाठ चिकटलेली, केस विस्कटलेले, आणि आतून इतकी शरम वाटत होती की विचारू नका. आमच्याकडे सुद्धा दारात आलेल्याला आधी गूळपाणी. पेपरवाल्याला माझी आई उन्हात उभं राहू देत नसे. मग दुबईत राहून आम्हाला हे कुठून सुचलं, की आपलंच माणूस लपवून ठेवायचं? सगळं गेलं, असं मी धरून चालले. नोकरी गेली, ती ह्या गाडीपायी गेली.

उम्म सैफ यांच्याकडे

संजीव पुरुषांच्या दिवाणखान्यात परत गेला आणि आम्हाला त्या आत घेऊन गेल्या. त्यांना सगळे उम्म सैफ म्हणतात, सैफची आई. जमिनीवर गाद्या, लोड, धुपाचा वास. थोडं थांबा वगैरे काही नाही, लगेच ताटं. गोड शेवया आणि त्यांच्यावर चक्क ऑम्लेट पसरलेलं. मी अंडं खाते, म्हणून निभावलं. शेवयांच्या खिरीवर कुणी ऑम्लेट ठेवलं तर माझी सासू माहेरी निघून जाईल, पण सांगते, वेलची आणि केशराबरोबर ते लागतं चांगलं. मग खजुराच्या काकवीत बुडवलेले गुलगुले. मी पद्धतीप्रमाणे नको नको म्हटलं, त्यांनी पद्धतीप्रमाणे वाढलं. आग्रहाला भाषा लागत नाही.

हिंदी कुठे शिकलात, असं मी विचारलं. त्यांचे यजमान तरुणपणी मुंबईला नोकरीत होते, नंतर ते ह्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिकडे घेऊन गेले, तेव्हा मोहम्मद अली रोडवर चार महिने काढले. पण त्याआधीची सगळी वर्षं त्या इथे, ते तिकडे. हे सांगताना त्या मुक्ताच्या ताटात गुलगुले टाकत होत्या.

मग त्यांनी हात पुसले आणि सरळ विचारलं. ह्या जागेवर तीन इंजिनिअर येऊन गेले. तिघांची घरं दुबईत. गुरुवारी दुपारी गाडी काढायचे ते रविवारी उशिरा उगवायचे, आणि एकेक करत निघून गेले. "तेरा आदमी भी ऐसा करेगा? तुम सच बोलो."

संजीवने मला बजावून ठेवलं होतं, की कुणी विचारलंच तर ऑल इज फाइन म्हणायचं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून मला ते जमेना. मी सांगितलं, की दुबईतली नोकरी संपतेय. ही नोकरी नाही मिळाली तर मी आणि मुलगी पुण्याला जाणार आणि तो देऱ्यात एकटा राहणार. मला गावाची भीती वाटत नाही, मेथी एकच दिवस मिळाली तरी चालेल, पण त्याला एकटं ठेवायचं नाही. आम्ही येऊ तर तिघं येऊ. परक्या घरात, ऑम्लेटच्या ताटासमोर, मी रडले.

उम्म सैफनी मला थोपटलं वगैरे नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मैं बहोत साल अकेला बैठा. अच्छा नहीं है." मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि मधलं दार उघडून मुलाशी अरबीत काहीतरी दोन-तीन वाक्यं बोलल्या. शेवटचा शब्द मला कळला. खलास.

त्या परत येऊन बसल्या आणि मुक्ताला विचारलं, कौन सा क्लास? मुक्ताने "ग्रेड फोर" म्हटलं. शाळेच्या बाईंना मी फोन करते, म्हणाल्या, जशी माझी वन्संच बोलावी. मला तोवर कळलंच नव्हतं की निर्णय झालाय. कळलं तेव्हा जीव असा भांड्यात पडला, की मी नको न म्हणता आणखी चार गुलगुले खाल्ले.

गाडीशी आल्यावर संजीव म्हणाला, फाईल उघडलीच नाही गं. त्यांनी एकदाही अनुभव विचारला नाही. आधी घर बघून घ्या, काम एक एप्रिलपासून, कागद उद्या, एवढंच. आई म्हणते ती बाई खोटं बोलत नाही, असं ते म्हणाले. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"तू सांगू नको म्हणालास ते," मी म्हटलं.

त्याने लावलेली किल्ली तशीच ठेवली. मग उतरला, वळसा घालून माझ्या दाराशी आला आणि गाडी तू चालवतेस का, असं विचारलं. चौथ्या फटक्यात लायसन्स मिळालेल्या बायकोला घाटात गाडी देणारा हा माणूस नव्हे. मी बसले, सीट पुढे ओढली. डोंगर सुरू व्हायच्या आतच त्याचं डोकं खिडकीला टेकलं. नोटीस मिळाल्यापासून हा माणूस नीट झोपला नव्हता. कुशी बदलायचा, उठून पाणी प्यायचा, मी जागी आहे हे त्याला ठाऊक असायचं आणि तो जागा आहे हे मला. आता तोंड उघडं टाकून, टाय सैल करून, भर दुपारी तो घोरत होता.

मुक्ता मागून पुढे वाकली. "इज बाबा ओके?"

झोपलाय, मी म्हटलं, हळू बोल. मागच्या ट्रकने हॉर्न दिला तसा मी त्याला हाताने पुढे जायची खूण केली आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.